खारीपुरती ताकद

१२ जुलै, रविवार

खारींनी मक्याची आणखी एक ओळ संपवली. कणीस अर्धं कुरतडायचं, टाकून द्यायचं आणि पुढच्यावर चढायचं. पूर्ण खाल्लं असतं तर मला एवढा राग आला नसता. माळ्यावरही शिरल्या आहेत. दिव्याच्या तारेवर दातांच्या खुणा आहेत.

चर्चहून आल्यावर एस्टिल पोर्चवर बसून हा सगळा तमाशा पाहत होता. दोन खारी कुंपणावरून जात होत्या, त्याच्यापासून वीस पावलांवर. "माझी बंदूक असती तर" असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, माझं उत्तर तयार होतं.

त्याच्या दोन्ही बंदुका मार्चमध्ये गार्नेटला, म्हणजे त्याच्या पुतण्याला, दिल्या. एस्टिल केस कापायला गेला होता तेव्हा मीच गार्नेटला बोलावून घेतलं. हात थरथरणाऱ्या माणसाच्या घरात काडतुसांची बंदूक नको, असं मॉरीन डेटनहून रोज फोनवर सांगत होती. आमची मुलगी असली तरी या वेळी तिचं बरोबर होतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. एस्टिल परत आला, भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या पाहिल्या आणि त्यातल्या एकीवर टोपी अडकवली. त्या विषयावर आमच्यात तेवढंच बोलणं झालं.

फेब्रुवारीत, त्याच्या आजाराचं नाव कळलं त्या आठवड्यात, तो कोठारात गवताच्या पेंढीवर बसलेला मला दिसला होता. बंदूक मांडीवर होती. तेलाची बाटली किंवा चिंधी काही दिसली नाही. मी जेवायला हाक मारली. तो आला आणि दोन वेळा बीन्स मागून घेतल्या. बंदूक साफ करायला बसला असेल.

१७ जुलै, शुक्रवार

डोव्ही आत्याचा निरोप आला. ही एस्टिलच्या वडिलांची बहीण, या खोऱ्यात वयानं सगळ्यांत मोठी. ऑगस्टमध्ये शिकार खुली झाली की मोसमातली पहिली खार तिच्या ताटात जाते, पावासारखी मऊ, गरम बिस्किटं आणि ग्रेव्हीबरोबर. एस्टिल मिसरूड फुटायच्या आधीपासून हे करत आला आहे. खार कानामागे लागलेली असावी लागते. अंगात शिसं असलेलं जनावर आत्या परत पाठवते. एकदा तिनं गार्नेटला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "शिकार केलीस की दगड मारलेस रे?" तो त्यानंतर तिच्याकडे खार घेऊन गेलेला नाही.

यंदा माझे दात कमी झालेत तेव्हा कोवळी बघ, असा निरोप आहे. एस्टिलनं तो ऐकला आणि हात खिशात घातले. हल्ली थरथर दिसू नये म्हणून तसं करतो.

रात्रभर विचार केला. छर्र्याची बंदूक हा मधला मार्ग आहे. हवेवर चालते, दारू लागत नाही. खारी आवरतील, आत्याचं ताट भरेल, आणि मॉरीनला सांगता येईल की ही ती बंदूक नव्हे.

१८ जुलै, शनिवार

क्लेल स्परलॉकच्या दुकानात गेले. बाकीचं सामान विकता विकता तो बंदुकाही विकतो. माझा विद्यार्थी. वर्गात भागाकार कधी आला नाही, पण आज तासभर उभं राहून मला शिकवत होता.

त्यानं आधी विचारलं, "बाई, डबे पाडायचेत की जीव घ्यायचाय?" मी म्हटलं, खारी. मग त्यानं काउंटरवर दोन ठेवल्या. दोन्हींत स्प्रिंग असते. नळी मधून मोडायची, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवायची, की स्प्रिंग मागे दाबली जाते, मग छर्रा घालायचा. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी, तोच अक्रोडाचा दस्ता, छर्राही एकाच मापाचा. एकीची स्प्रिंग जबर आहे. नळी मोडताना माझ्या खांद्यात कळ आली. दुसरीची सहज मोडली.

"ही हलकी कोठारातल्या चिमण्यांसाठी," क्लेल म्हणाला. "खारीचं कातडं जुन्या बुटासारखं असतं. हिनं खार पडत नाही, जखमी होऊन पळते. खारीपुरती ताकद या दुसरीतच आहे. आणि एस्टिलकाकांना सांगा, घट्ट आवळायची नाही. हातावर नुसती पडू द्यायची, उसळेल तशी उसळू द्यायची."

मी हलकी घेतली.

तो म्हणाला, "बाई, मी आत्ता काय सांगितलं?" मी म्हटलं, क्लेल, मी बंदूक मागितली, प्रवचन नाही. त्यानं खाली मान घालून पावती लिहिली. चौथीत असताना उदाहरणं लिहायचा तशीच.

खोका आणि आतली पुस्तिका घरी आणली नाही. वाटेत पेट्रोल पंपावरच्या पिंपात टाकली.

मी हे का केलं ते लिहायला बसले होते. कारण साधं आहे. हात थरथरतात, चुकून कुठे लागली तर इजा कमी व्हावी. एवढंच.

२५ जुलै, शनिवार

एस्टिलला सांगितलं की क्लेलनं तुझ्यासाठी निवडून दिली आहे, खास खारींसाठी. त्यानं नळी मोडली आणि म्हणाला, "इतकी हलकी?" मी म्हटलं, आता नव्या पद्धतीच्या निघाल्या आहेत. त्याला दारूच्या बंदुकीचं सगळं कळतं. हवेची त्यानं आयुष्यात हातात धरली नव्हती.

कुंपणावर टोमॅटोच्या सॉसचे डबे मांडून त्यानं सकाळ घालवली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. उचलेपर्यंत त्याचा उजवा हात पाखरासारखा फडफडत होता. गाल दस्त्याला लागला आणि हात थांबला. अगदी थांबला. सगळे डबे पडले. मग त्यानं बाटलीचं बूच ठेवलं, तेही गेलं. नशीब असतं कधी कधी.

जेवताना तो शीळ घालत होता. जेवताना शीळ घालू नये असं मी त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आले आहे. आज सांगितलं नाही.

२ ऑगस्ट, रविवार

आज त्यानं कोठाराच्या जुन्या फळीवर छर्रे मारले आणि गवताची काडी भोकात घालून खोली पाहिली. काडी माझ्यापुढे धरून म्हणाला, "फारच उथळ जातोय." मी म्हटलं, फळी ओकची आहे, कठीण असणारच.

"हो, ओकची आहे खरी," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "क्लेल खारीसाठीच म्हणाला ना?"

हो म्हटलं. त्यानं काडी फेकून दिली. माझं बोलणं तो कधी पडताळून पाहत नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईशी लग्न करण्याचा हा फायदा आहे, असं तो लोकांना सांगतो.

१५ ऑगस्ट, शनिवार

मोसमाचा पहिला दिवस. पहाटे कॉफी पिऊन एस्टिल मागच्या टेकडीवर गेला. तिथे हिकरीची जुनी झाडं आहेत, याच दिवसांत फळं धरतात आणि खारी उजाडायच्या आत येतात. मी बिस्किटांचं पीठ मळून ठेवलं. ग्रेव्हीसाठी कढई काढली.

नऊ वाजले, दहा वाजले. जेवणवेळ टळली तेव्हा मी वर गेले. तो झाडाला पाठ लावून नव्हे तर झाडाकडे तोंड करून उभा होता. बंदूक जमिनीवर. मला पाहून त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

अगदी जवळून मारली, म्हणाला. कानामागे. बसली असं वाटलं. खार फांदीवरून सुटली, पुढच्या पायांवर लोंबकळली, मग अंग ओढत ओढत खोडातल्या पोकळीत गेली. सालीवर रक्त होतं. ती बाहेर येईल म्हणून तो उभा होता. मी चल म्हटलं. तो म्हणाला, तू जा.

अंधार पडल्यावर आला. सिंकजवळ उभं राहून हात धुतले, पुन्हा धुतले. म्हणाला, "लोरीन, माझे हात गेले." मी त्याच्यापुढे ताट ठेवलं. काय बोलायचं ते मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. बोलले ते असं, की होतं असं, वय झालं आपलं.

१६ ऑगस्ट, रविवार

तो चर्चला आला नाही. मनात आलं, चला, बंदुकीचा प्रश्न एकदाचा आपोआप मिटला. प्रार्थना चालू असताना हे मनात आलं. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं, तरी मी मान वर केली नाही.

क्लेल दोन बाकं पुढे बसला होता. बाहेर पडताना त्यानं "काकांनी खार पाडली का?" असं विचारायच्या आत मी गाडीत जाऊन बसले.

१८ ऑगस्ट, मंगळवार

कोंबडी शिजवून डोव्ही आत्याकडे नेली. तिला सांगितलं की यंदा खारींच्या कातड्याखाली अळ्या आहेत, थंडी पडेपर्यंत खाण्यासारख्या नाहीत. हे एखाद्या वर्षी खरंच होतं. एखाद्या वर्षी खरं असणारी गोष्ट सांगितली की खोटं बोलल्यासारखं वाटत नाही, हे मला आज कळलं. पण घरी येईपर्यंतच.

आत्यानं कोंबडीवरचं फडकं उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. "अळ्या असत्या तर एस्टिल स्वतः येऊन सांगून गेला असता. तू कशाला आलीस, पोरी?"

मी अडुसष्ट वर्षांची आहे. मला पोरी म्हणणारी एवढी एकच बाई उरली आहे आणि तिच्यासमोर मला खाली बघावं लागलं. कोंबडी तिनं ठेवून घेतली. कुत्र्याला घातली असेल.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

एस्टिलनं दाढी केलेली नाही. पोर्चवरही बसत नाही, कारण तिथून खारी दिसतात. गार्नेट आला होता. एस्टिलनं त्याला खार सोलायचा चाकू दिला, स्वतःच्या वडिलांच्या हातचा, हाडाच्या मुठीचा. "मला आता काय करायचाय," म्हणाला. गार्नेटनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घे की, तुलाच यायचा होता.

घरातली धारदार वस्तू गेली, बरंच झालं, असं मनाला सांगत मी भांडी घासली. मग लक्षात आलं की मी तीच कढई पुन्हा घासते आहे. जेवले नाही. तो दुपारी कोठाराकडे गेला तेव्हा मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं मागे गेले. कपडे मी सकाळीच घातले होते. तो नुसता जुन्या ट्रॅक्टरवर बसला होता. मला पाहून म्हणाला, "काय हवंय?" मी म्हटलं, काही नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

दुकान उघडताच क्लेलकडे गेले. हलकी बंदूक काउंटरवर ठेवली आणि दुसरी दे म्हटलं. तिचा वापर झालेला होता. तरी त्यानं काही न म्हणता बदलून दिली. त्यापेक्षा कुरकुर केली असती तर मला सोपं गेलं असतं.

काय झालं ते मी सांगितलं, निम्मं. उरलेलं त्यानं ओळखलं.

"काकांना वाटतंय की त्यांचा नेम चुकला?" त्यानं विचारलं.

हो म्हटलं.

त्यानं दस्ता पुसून घेतला. "बाई, कोणी काच फोडली की तुम्ही आम्हाला फळ्यापाशी उभं करायचात. 'काच भरून दिलीस, चांगलं केलंस, आता तोंडानं सांग' म्हणायचात. लेस्टरनं नवी काच आणून बसवली होती, आठवतंय? तरी त्याला उभं केलंत."

मी म्हटलं, आठवतंय.

"सांगितल्यावरच त्याला जागेवर बसू दिलंत," क्लेल म्हणाला आणि बंदूक माझ्या हातात दिली.

तरीही घरी येऊन मी ती गुपचूप कोठारात पहिलीच्या जागी टेकवून ठेवली. सारख्याच दिसतात. त्याला कळणार नाही, पुढच्या वेळी खार पडेल, सगळं सरळ होईल, असा माझा हिशेब होता. पन्नाशीतल्या दुकानदाराला जे कळलं ते मला अजून कळायचं होतं.

२४ ऑगस्ट, सोमवार

आज सकाळी एस्टिल बंदूक घेऊन स्वयंपाकघरात आला. मी बिस्किटांचं पीठ मळत होते, हात कोपरापर्यंत पांढरे. कोठारातून ती फेकून द्यायला म्हणून उचलली, आत छर्रा नाही ना ते पाहायला नळी मोडली तर जड गेली, म्हणाला.

"ही ती नाही."

मी म्हटलं, बदलून आणली.

"का?"

"ती कमी ताकदीची होती. खारीसाठी नव्हती. क्लेलनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मी मुद्दाम घेतली आणि तुला खोटं सांगितलं."

तो खुर्चीवर बसला. बंदूक टेबलावर आडवी ठेवली. नळी भिंतीकडे केली, तशाही वेळी त्याला ते सुचलं.

"म्हणजे मी मारली तिथेच लागली होती."

"हो."

त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. "ती खार त्या ढोलीत किती वेळ जिवंत होती कोण जाणे," तो म्हणाला. "मी खाली उभा होतो. तिचं खरवडणं ऐकू येत होतं. मला वाटत होतं, माझ्या हातांमुळे झालं." मग पुन्हा विचारलं, "का केलंस?"

मी हातांची थरथर सांगितली. तो म्हणाला, बंदूक धरली की माझे हात थांबतात, डब्यांच्या दिवशी तू दारात उभी राहून पाहिलंस. मी डॉक्टरांचं नाव घेतलं. मॉरीनचं घेतलं. तो ऐकत राहिला. झाडाखाली खारीची वाट पाहतो तसा बसला होता, काही न हलवता. त्याला घाई नसते. माझ्याजवळची सगळी नावं संपली.

मग मी म्हटलं, फेब्रुवारीत तू बंदूक मांडीवर घेऊन कोठारात बसला होतास.

त्यानं मान हलवली. नाकारण्यासाठी नव्हे. "तू मला जेवायला बोलावलंस."

"हो."

"विचारलं का नाहीस?"

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना विचारत आले. कोणी केलं, का केलं, खरं सांग. खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहण्याची मला कधी भीती वाटली नाही. मी म्हटलं, "खरं उत्तर मिळेल म्हणून."

"मग आता विचार."

पिठाचे हात तसेच घेऊन मी त्याच्यासमोर बसले आणि विचारलं. त्यानं उत्तर दिलं. सगळं दिलं, फेब्रुवारीचं आणि गेल्या आठवड्याचंही. ते मी इथे लिहिणार नाही. ते त्याचं आहे. फक्त एवढं लिहिते की मी घरातल्या दोन बंदुका काढल्या, तिसरी निकामी आणली, आणि त्या सगळ्या काळात त्याला एकट्याला ठेवलं.

बिस्किटं झाली नाहीत. पीठ वाळून गेलं.

दुपारी त्यानं स्वतः डॉक्टरांना फोन केला. मला खोलीतच बसायला सांगितलं. मला दोनदा मध्ये बोलावंसं वाटलं. बोलले नाही.

२६ ऑगस्ट, बुधवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. आता एक औषध वाढवलं आहे आणि दर आठवड्याला एका माणसाशी बोलायला जायचं आहे, त्याची आजच गाठ घालून दिली. एस्टिल परतताना म्हणाला, "बरा आहे तो. मासे पकडतो." बंदुकीचं त्यानं स्वतःच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुमचं दोघांचं काही ठरलेलं असावं आणि ते उघड असावं.

मी म्हटलं, बंदूक क्लेलला परत देऊ. एस्टिल म्हणाला, "पुन्हा तूच ठरवणार?"

मी गप्प बसले. मला हे शिकायला उशीर होतो आहे.

मग त्यानंच ठरवलं. बंदूक कोठारात राहील, छर्र्यांची डबी माझ्याकडे. "मला हवे असतील तेव्हा मागेन. आणि तू तोंडानं विचारायचं, कशाला हवेत. दर वेळी. मला कंटाळा आला तरी. तू चिडलेली असलीस तरी."

डबी मी ॲप्रनच्या खिशात ठेवली आहे. चालताना खुळखुळते. त्याला ऐकू जातं.

३० ऑगस्ट, रविवार

डोव्ही आत्याकडे जाऊन खरं सांगितलं. अळ्या नव्हत्या, माझं खोटं होतं, एस्टिलचा नेम गेलेला नाही. पोर्चवर चर्चच्या बायका बसल्या होत्या. त्या जातील म्हणून मी थांबणार होते, पण मग लेस्टर आठवला आणि त्यांच्यासमोरच सांगितलं. फेब्रुवारीचं सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क माझा नाही.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आज संध्याकाळपर्यंत खोऱ्यात सगळ्यांना कळेल. आत्या म्हणाली, "मग मी उपाशी का बसलेय अजून? मोसम संपलाय काय?"

५ सप्टेंबर, शनिवार

या आठवड्यात तो रोज डबे पाडत होता. जबर स्प्रिंगची नळी त्याच्याकडून एका हातानं मोडत नाही, गुडघ्यावर टेकवून मोडतो. मागेल तेवढे छर्रे दिले, दर वेळी विचारून. एकदा तो खरंच कंटाळला. "डब्यांसाठी, बाईसाहेब, लेखी देऊ?" म्हणाला. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. उघड ठेवायचं ठरलं आहे ते मोडू नये म्हणून, एस्टिलला विचारून, मॉरीनलाही काल सगळं सांगितलं. ती रडली, मग माझ्यावर ओरडली. ओरडू दिलं.

आज पहाटे तो दाढी करून स्वयंपाकघरात आला आणि हात पुढे केला. हात थरथरत होता. त्यानं खिशात लपवला नाही.

मी विचारलं, "कशाला हवेत?"

"खारीसाठी, लोरीन."

मी त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, जितका वेळ लागला तितका, आणि त्यानं पाहू दिलं. मग चार छर्रे त्याच्या तळहातावर ठेवले. तो गेला.

हवेच्या बंदुकीचा आवाज टेकडीवरून घरापर्यंत येत नाही. त्यामुळे ऐकण्यासारखं काही नसतं, नुसतं थांबायचं असतं. दोन वेळा मी मागच्या दाराची कडी काढली आणि दोन वेळा पुन्हा लावली. वर गेले नाही.

ऊन कुंपणावर आलं तेव्हा तो उतरताना दिसला. कोवळी खार होती, कानामागे लागलेली, बाकी अंगावर ओरखडा नाही. ती त्यानं पायरीवर ठेवली, टोपी काढली आणि मी न मागता उरलेले छर्रे माझ्या हातात मोजून दिले. मी मूठ मिटायच्या आत एक छर्रा निसटला आणि घरंगळत स्टोव्हखाली गेला.

"थांब, वाकू नकोस," एस्टिल म्हणाला आणि तो काढायला गुडघ्यांवर बसला.